बायरनच्या नाटकात न झालेले खून

फ्रेंच चित्रकार देलाक्रवाचं 'सार्डानापालसचा मृत्यू' हे पेंटिंग कुणी शेअर केलं की खाली काय होणार हे आता पाठ झालंय. भलामोठा लाल पलंग, त्यावर पांढऱ्या कपड्यांत डोक्याला हात टेकवून रेललेला राजा, आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्याच हुकुमाने मारल्या जाणाऱ्या बायका, घोडे, नोकरचाकर. पहिली कमेंट येते, काय रंग आहेत यार. दुसरी येते, बायकांचे खून चाललेत आणि तुम्ही रंग कसले बघताय. मग एखादा वाचलेला माणूस येतो आणि समजुतीच्या सुरात सांगतो की अहो हे इंग्रज कवी बायरनच्या नाटकातलं दृश्य आहे, नाटकात होतं ते चित्रकाराने रंगवलं, त्याला कशाला झोडपताय. गंमत अशी की या तिसऱ्याला कुणीच अडवत नाही. रंगवाले खूश, कारण त्यांचा माणूस सुटला. विरोधवाले म्हणतात बरं, मग बायरनही तसलाच, दोघांना एकत्रच मोडीत काढा.

माझं म्हणणं असं आहे की तो तिसरा माणूस साफ चुकतोय आणि त्याच्यामुळे उरलेलं भांडणही भरकटतंय. बायरनच्या नाटकात हे दृश्यच नाहीये. त्यात राजा कुठल्या बाईला मारायला सांगत नाही, घोड्यांना तर नाहीच. ही कत्तल देलाक्रवाने स्वतःच्या मर्जीने कॅनव्हासवर आणली, तो त्याचा हक्क होता आणि त्या हक्काबद्दल माझी तक्रार शून्य आहे, पण मग त्याचं श्रेय आणि त्याचा जाब दोन्ही त्याच्याच नावावर पाहिजेत. कौतुक करताना 'काय प्रतिभा' आणि जाब विचारला की 'मूळ नाटकातच होतं' असं दोन्हीकडून कसं चालेल?

आधी नाटकात काय आहे ते बघू, कारण या वादातल्या बहुतेकांनी ते उघडलेलंच नसतं. १८२१ साली बायरन इटलीत रावेन्नाला राहून ते लिहीत होता, आणि हे रंगमंचासाठी नाही असं त्याने आधीच सांगून टाकलं होतं. सार्डानापालस म्हणजे ग्रीक लेखकांनी बदनाम केलेला असिरियाचा शेवटचा राजा, ऐषारामी, बायकांत रमणारा, बायकांसारखा नटणारा. बायरनने याच माणसाला हिरो केला, आणि का केला तर त्याला लढाई नको आहे म्हणून. पहिल्याच अंकात मेव्हणा सालेमेनीस त्याला टोचतो की बघ, तुझ्या पूर्वज सेमिरामिस राणीने हिंदुस्थानपर्यंत धडक मारली होती. राजा विचारतो, आणि परत कशी आली? तर वीस शिपाई घेऊन, बॅक्ट्रियापर्यंत माघार घेत. मग हिंदुस्थानात गिधाडांसाठी किती माणसं टाकून आली? त्यावर सालेमेनीस म्हणतो, आपल्या बखरींत ते लिहिलेलं नाही. राजा म्हणतो, त्यापेक्षा महालात बसून वीस कपडे विणले असते तर बरं झालं असतं. सांगा, हा माणूस बायकांची कत्तल करायला लावेल असं वाटतं का?

पुढेही तेच. बंडखोर आर्बासीस आणि बेलेसीस पकडले जातात तर हा त्यांना माफ करून मोकळा होतो, आणि त्या माफीमुळेच राज्य जातं. लढायला निघताना चिलखत चढवतो आणि आधी आरसा मागतो, म्हणजे बायरनने त्याला संत वगैरेही केलेलं नाही. हरायची वेळ येते तेव्हा राणी झरीना आणि मुलांना सुखरूप बाहेर काढायची सोय होते. नदीच्या पुराने तटबंदी ढासळते (बायरन इथे युफ्रेटिस म्हणतो, खरं तर राजधानी निनवे टायग्रिसवर, पण ती चूक त्याने जुन्या ग्रीकांकडून तशीच उचलली). मग शेवटी राजा सिंहासनाभोवती चिता रचून घेतो, उरलेल्या माणसांना सांगतो की खजिना वाटून घ्या आणि निघा, ग्रीक दासी मिर्रालाही जायची मोकळीक देतो. ती जात नाही. मशाल तिच्या हातात असते, चिता ती पेटवते आणि उडी घेते. नाटक तिथे संपतं.

आता पेंटिंग. जवळपास चार मीटर उंच, पाच मीटर रुंद, म्हणजे भिंतच म्हणा. १८२७-२८ च्या पॅरिसच्या सलोनमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी कलाप्रदर्शनात, लागलं तेव्हा देलाक्रवा जेमतेम तिशीला टेकला होता. सलोनच्या पुस्तिकेत त्याबद्दल मजकूर छापला होता, त्याचा आशय असा की वेढा पडलाय, राजा चितेवरच्या पलंगावर पहुडलाय आणि हिजड्यांना आणि दरबाऱ्यांना हुकूम देतोय की माझ्या बायका, सेवक, अगदी लाडके घोडे आणि कुत्रेसुद्धा मारून टाका, ज्या ज्या वस्तूंनी मला सुख दिलं त्यातलं काहीही माझ्यामागे उरता कामा नये. 'वस्तूंनी' हे लक्षात ठेवा. त्याच मजकुरात दोन नावं येतात. एक बालेआ, शेवटी चिता पेटवणारा पेलेवाला. बालेआ नावाचं किरकोळ पात्र बायरनकडे आहे, म्हणजे नाटकाचा धागा तर नक्की आहे. दुसरं नाव आयशेह, बॅक्ट्रियाची एक बाई, जी गुलामाच्या हातून मरायला नकार देऊन स्वतः फास लावून घेते. ही बायरनकडे नाही. आणि चिता पेटवायचं काम मिर्राकडून काढून बालेआला दिलंय. पलंगावर राजाच्या पायाशी हात पसरून पालथी पडलेली जी बाई आहे तीच मिर्रा असं बरेच जण मानतात. तसं असेल तर हिशोब स्पष्ट आहे. नाटकात जिच्या हातात मशाल होती, जी शेवटचा निर्णय घेत होती, तिच्या हातात इथे काहीही नाही, फक्त उघडी पाठ आहे आणि त्या पाठीवर पेंटिंगमधला सगळ्यात सुंदर उजेड पडलाय.

यावर पहिला आक्षेप येतो तो बरोबरच आहे. चित्राला पाच अंक नसतात, बोलता येत नाही, एकच क्षण धरावा लागतो, मग नाटकापासून दूर जाणं भागच आहे. मान्य. शिवाय नाटकावरून काढलेलं चित्र म्हणजे नाटकाची झेरॉक्स नव्हे. जर्मन कवी गटेने स्वतःच्या 'फाउस्ट' नाटकावरची देलाक्रवाची काही चित्रं १८२६ मध्ये पाहिली आणि मोकळ्या मनाने कबूल केलं की माझ्याच प्रसंगांत हा माझ्या कल्पनेच्या पुढे गेलाय. लेखकाचं याहून मोठं सर्टिफिकेट कुठलं? त्यामुळे 'मूळ कृतीशी प्रामाणिक नाही' अशी ओरड करणाऱ्यांच्या बाजूला मी मुळीच बसणार नाही, त्या पट्टीने मोजलं तर अर्ध्याहून जास्त चांगली कला नापास होईल. पण एक क्षण धरायचा होता तर बायरनने क्षण कमी दिले होते का? आरसा मागणारा राजा होता. झरीनाचा निरोप होता. मशाल घेतलेली मिर्रा तर चित्रकारासाठी आयतीच उभी होती. हे सगळं बाजूला ठेवून नाटकात नसलेला क्षण घेतला. याला माध्यमाची मर्यादा म्हणत नाहीत, याला निवड म्हणतात.

आणि रूपांतर करणारा आपल्या निवडीचा मालक असतो हे आपल्याला नवीन नाही. खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं, गोष्ट शुद्ध महाभारतातली, पण लोकांना कीचकात व्हाइसरॉय कर्झन दिसला आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. बंदी चूकच होती. पण एक गोष्ट त्या सरकारला नीट कळली होती, जुन्या कथेतला कुठला प्रसंग उचलायचा, कुठल्या वेळी उचलायचा आणि कुणाच्या तोंडी काय घालायचं हे खाडिलकरांनी ठरवलंय, व्यासांनी नाही. त्यांना श्रेय याच निवडीसाठी देतो ना आपण? मग देलाक्रवाला वेगळा नियम का?

दुसरा आक्षेप जास्त लोकप्रिय आहे, त्या काळी सगळे असेच होते, आजच्या चष्म्यातून बघू नका. हा युक्तिवाद ऐकला की मला खरंच थकवा येतो, कारण इथे तो सरळ सरळ कोसळतो. बायरनला ही गोष्ट मिळाली डायोडोरस या ग्रीक इतिहासकाराकडून, हे तो स्वतःच सांगतो. डायोडोरसकडे राजा चितेच्या मधोमध एक खोली करतो, त्यात सोनंनाणं, उंची कपडे, रखेल्या आणि हिजडे कोंडतो आणि सगळ्यांसकट स्वतःला जाळून घेतो. म्हणजे बायरनसमोर कोंडलेल्या बायका होत्या. त्याने त्या काढून टाकल्या. १८२१ मध्ये, आणि तेही बायरनने, ज्याचं बायकांशी वागणं आदर्श होतं असं त्याच्या मित्रांनीही म्हटलं नसतं. सहा वर्षांनी देलाक्रवाने त्या परत आणल्या, आणि जाळण्याऐवजी एकेकीला सुऱ्याने मारायची सोय केली. दोघे एकाच काळातले, एकाच रोमँटिक लाटेतले. मग 'तो काळच तसा होता' यातला काळ नक्की कुणाचा?

हां, त्या काळाबद्दल एक कबूल करायला हवं. सलोनमध्ये पेंटिंगवर तुटून पडलेल्या लोकांचा मुद्दा बायकांचा नव्हताच. त्यांना खुपलं ते ड्रॉइंग, बिघडलेला पर्स्पेक्टिव्ह, कोण कुठे उभं आहे ते कळत नाही असला गोंधळ. त्याच सलोनमध्ये अँग्र या चित्रकाराने होमरचा गौरव रंगवला होता, सगळे थोर पुरुष पायऱ्यांवर शिस्तीत मांडलेले, त्यापुढे हा धुडगूस. ललितकला खात्याच्या प्रमुखाने, ला रोशफुको याने, देलाक्रवाला सुनावलं की सरकारी कामं हवी असतील तर पद्धत बदला. म्हणजे भांडण चाललं होतं रेषा मोठी की रंग मोठा यावर आणि मरणाऱ्या बायका त्यात कुणाच्या अजेंड्यावरच नव्हत्या. आज 'काय रंग आहेत यार' म्हणणाऱ्याला वाटतं की आपण वादाच्या वर उठून कलेकडे बघतोय. तो १८२८ च्याच भांडणात उभा आहे.

आता देलाक्रवाच्या बाजूचा सगळ्यात मजबूत मुद्दा, जो त्याचे चाहते मांडतच नाहीत म्हणून मीच मांडतो. बायरनचं नाटक निष्पाप नाहीये. मिर्राला राजा विचारतो, तू खरंच माझ्याबरोबर येणार? तेव्हा ती उलट विचारते की हिंदुस्थानातली विधवा रूढीपायी जे करते ते ग्रीक मुलगी प्रेमापायी करू शकणार नाही का? हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. १८२१ म्हणजे बेंटिंकचा सतीबंदीचा कायदा यायला अजून आठ वर्षं होती, बंगालमध्ये बायका खरोखर जळत होत्या, आणि इकडे कवीमहाराज त्याच आगीवर प्रेमाचा मुलामा चढवतायत. बायरनला हसण्याआधी आपणही जरा थांबावं. थेऊरला माधवराव पेशव्यांबरोबर १७७२ मध्ये रमाबाई सती गेल्या, ती गोष्ट आपण आजही कशी सांगतो? प्रेमकथा म्हणून. बाई स्वखुशीने गेली एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात आणि पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही.

या बाजूने बघितलं तर कुणीही म्हणू शकेल की देलाक्रवा जास्त खरा आहे. राजे मरताना प्रेमाने निरोप देत नाहीत, सगळ्यांना घेऊन मरतात, आणि त्या मरणात बायकांच्या खुशीचा प्रश्नच नसतो. त्याने बायरनचा गोड मुलामा खरवडला आणि खालची हिंसा उघडी केली. वर राजाचा चेहरा बघा, ना राग, ना मजा, नुसता कंटाळा. हुकूमशाहीवरची याहून जहरी टीका कुठे मिळेल? आणि हा तोच चित्रकार ज्याने १८२४ मध्ये किऑस बेटावरच्या ग्रीकांची कत्तल रंगवली, १८२६ मध्ये मिसोलोंगी या उद्ध्वस्त ग्रीक शहराच्या ढिगाऱ्यावर बाईच्या रूपातला ग्रीस रंगवला. सार्डानापालसला तो स्वतःच 'कत्तल नंबर दोन' म्हणायचा.

राजाच्या चेहऱ्याबद्दलचं सगळं मला मान्य आहे, पेंटिंगमधली ती सगळ्यात भारी जागा. पण मग दोन्ही कत्तली शेजारी शेजारी ठेवून बघाच. किऑसमध्ये एक म्हातारी वर बघतेय, तिच्या नजरेतून सुटका नाही. मेलेल्या आईच्या अंगावर पोर दूध शोधतंय. तिथे पाय अडतात, पुढे सरकता येत नाही. सार्डानापालसमध्ये मात्र नजर पलंगावरून खाली घसरत जाते, दागिने, रेशीम, मांड्या, पलंगावरच्या हत्तींच्या सोंडा, पुन्हा दागिने. उजवीकडे पुढ्यात जिला मागून धरून सुरा खुपसला जातोय तिचं अंग असं कमानीसारखं वळवलंय की मरणापेक्षा पोझ आधी दिसते. डावीकडच्या घोड्याच्या डोळ्यात जेवढी भीती आहे तेवढी इथे एकाही बाईच्या वाट्याला आलेली नाही. राजावर टीकाच करायची होती तर आपण राजाच्या नजरेपासून दूर जायला हवं होतं, इथे आपल्याला त्याच्याच जागी नेऊन बसवलंय, 'सुख देणाऱ्या वस्तू' एकेक करून दाखवत. आणि जी एकटी बाई स्वतःहून काही ठरवते, ती आयशेह, ती पुस्तिकेत ठळक आहे, कॅनव्हासवर शोधावी लागते. बायरनचा मुलामा खरवडला हे ठीक, पण त्या जागी दुसरा चढवला, प्रेमाच्या ऐवजी कातडीचा.

विरोध करणाऱ्यांशीही थोडं भांडायचंय. लिंडा नॉकलिन या अमेरिकन कला-इतिहासकार बाईंनी १९८३ मध्येच दाखवून दिलं होतं की हे पेंटिंग पूर्वेबद्दल कमी आणि फ्रेंच पुरुषांच्या मनातल्या मालकीहक्काबद्दल जास्त बोलतं, पूर्व हे फक्त सोयीचं अंतर. ते पटतं, कारण देलाक्रवा मोरोक्कोला गेला १८३२ मध्ये, तोवर त्याची पूर्व म्हणजे पुस्तकं आणि मित्राने जमवलेल्या पोशाखांचा संग्रह. पण नॉकलिनबाईंची धार घासून घासून आज उरलंय काय, तर 'पाश्चात्त्यांनी आपल्याला नेहमी असंच दाखवलं'. नेहमी? मग सेमिरामिसच्या हिंदुस्थानातल्या मढ्यांचा हिशोब मागणारा राजा कुणी लिहिला, तोही पाश्चात्त्यच होता ना? शिवाय 'आपल्याला' म्हणजे कुणाला? सार्डानापालस हे नाव ज्याच्या नावाचा अपभ्रंश मानतात त्या अशुरबानिपालने निनवेत मातीच्या विटांवरचं प्रचंड ग्रंथालय उभं केलं, आपल्याला लिहितावाचता येतं याचा त्याला गर्व होता, आणि इ. स. पू. ६४८ मध्ये बॅबिलोनमध्ये आगीत मेला तो त्याचा भाऊ, हा नव्हे. इथपर्यंत तो 'बदनाम केलेला विद्वान राजा' या रोलमध्ये छान बसतो. पण याच राजाने स्वतःच्या महालातल्या भिंतीवर कोरून घेतलंय की तो बागेत राणीबरोबर पीत बसलाय आणि शेजारच्या झाडावर एलाम या शत्रुराज्याच्या राजाचं मुंडकं टांगलंय. हे कुठल्या फ्रेंच माणसाने त्याच्यावर लादलं नव्हतं. देलाक्रवाला यातलं काहीच माहीत नसणार, निनवेचं उत्खनन सुरूच झालं १८४० च्या दशकात.

मग पेंटिंग उतरवायचं का? अजिबात नाही, आणि 'वर्गात दाखवू नका' हेही नाही. उतरवलं की नुसतं पेंटिंग जात नाही, नाटक आणि पेंटिंग यांच्यातलं अंतरही जातं, आणि या सगळ्या प्रकरणात शिकण्यासारखं काही असेल तर ते तिथेच आहे. लूव्रने १९२१ मध्ये ते घेतलं, २०२३ मध्ये साफसफाई करून पुन्हा लावलं, जुना पिवळटपणा जाऊन रंग वर आले, उत्तम झालं. मला फक्त 'बायरनच्या नाटकावरून' या दोन शब्दांवर काम भागवणं बंद व्हायला हवंय, लेखांत, लेक्चरमध्ये, कमेंटमध्ये, सगळीकडे. सोबत चार वाक्यं सांगा की डायोडोरसकडे काय होतं, बायरनने काय काढलं, देलाक्रवाने काय परत आणलं आणि मिर्राची मशाल कुठे गेली.

त्यावर ठरलेलं उत्तर येईल, की चित्राने स्वतःच बोलावं, त्यावर शब्दांचं ओझं टाकू नये, बघणाऱ्याला मोकळं सोडा. ऐकायला फार छान वाटतं. पण हे पेंटिंग पहिल्यांदा भिंतीवर लागलं तेव्हाच प्रेक्षकांच्या हातात छापील मजकूर होता, कुणी कुणाला आणि का मारलं, आयशेहने काय केलं, बालेआने काय केलं, सगळं त्यात होतं. बघणाऱ्याला मोकळं सोडायची कल्पना देलाक्रवाला सुचली नव्हती, ती त्याच्या आजच्या वकिलांना सुचलीये.